कडक दांडीच्या काठ्या पुनमच्या नावे

मी, झुलाल हिलाल पाटील, वय शहात्तर, निवृत्त सुभेदार, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र यामुळे रद्द. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. रविवारपासून मला स्वतःलाच त्याची शंका येते.

१. राहते घर मुलगा समाधान याला. गच्ची गळते, तीही त्यालाच.

२. बँकेतील ठेव सून दिपमाला हिला. माझे पथ्यपाणी तिने कधी तोंड वाकडे न करता सांभाळले. समाधानने यावर कुरकुर करू नये.

३. गोल्फच्या काठ्या. इथे जरा लांबण लागेल.

हा खेळ मी लष्कराच्या मैदानावर शिकलो आणि पुढे जवानांना शिकवला. माझ्याकडे दोन संच आहेत. एकाच्या दांड्या कडक, फारशा न लवणाऱ्या, दुसऱ्याच्या नरम. ज्याचा हात वेगाने फिरतो त्याला कडक, सावकाश फिरतो त्याला नरम, एवढा साधा हिशेब. घरात मात्र समाधानने नरम संच नातीला, पुनमला, काढून दिला, पोरगी म्हणून. कडक माझ्याकडे राहिला, सुभेदार म्हणून. कोणालाच त्यात वावगे दिसले नाही. तिचा चेंडू कायम डावीकडे जायचा. नाशिकला पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, पण "आपल्याला नाही जमणार" म्हणून तिने नावच दिले नव्हते.

रविवारी शेतात सराव करताना घाईघाईत तिने माझी काठी उचलली. चेंडू सरळ गेला, कपाशी ओलांडून, शेजारच्या रुपचंदच्या विहिरीपलीकडे. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच. "हाई काय शे पोरी?" एवढेच तोंडातून निघाले.

"आबा, मन्हा हात पयलेपासूनच जोरमा फिरस. माले कोनी इचारंच नही."

मग मी तिची नरम काठी घेऊन पाहिली. वर्षानुवर्षे उजवीकडे पळणारा माझा चेंडू नाकासमोर गेला. शहात्तराव्या वर्षी! अरे देवा!

घरी आलो तर समाधान म्हणतो, "आबा, कडक संच मी स्वप्नीलला कबूल केलाय. रुखवतात मांडू." स्वप्नील म्हणजे पुनमचा होणारा नवरा, राहणार जळगाव. पोरगा भला आहे, पण त्याने एकदा काठी फिरवली तेव्हा चेंडू जागचा हलला नाही, टोपी उडाली. मी धडधाकट बसलेलो आणि माझ्या वस्तू रुखवतात!

सबब, कडक संच माझ्या मृत्यूनंतर पुनमला, तिच्या एकटीच्या मालकीचा. तो रुखवतात मांडू नये. लग्नानंतर ती आडनाव बदलो वा न बदलो, हक्क तिचाच. जावईबापूंना घड्याळ द्यावे. नरम संच माझ्यामागे दिपमालाला. तिने आधी हात फिरवून पाहावा, मग ठरवावे.

ताजा कलम: सही करण्याआधी हे सर्वांपुढे मोठ्याने वाचले. "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द आले तशी पुनम उठून आत गेली. चाचणी पुढच्या महिन्यात, नाव द्यायला अजून वेळ आहे, आणि पोरीने काय माझ्या मरणाची वाट बघायची? कडक संचाचा मजकूर मी खोडला आहे, खोडलेल्या जागी सही केली आहे. काठ्या आत्ताच तिच्या हातात दिल्या.

सही: झुलाल हिलाल पाटील

साक्षीदार: रुपचंद सुकदेव पाटील, शेजारी, हेमलता छगन बोरसे, शिक्षिका. दोघांच्या देखत सही झाली.

शिंदखेडा, ९ डिसेंबर २०२५