हुबेहूब

प्रिय मृणे,

पाकीट बघून हसशील. हातात फोन असताना ही बाई पत्र काय लिहिते, असं म्हणशील. पण फोनवर तू मला नीट बोलू देत नाहीस, आणि पत्राला मध्येच "थांब हं, लॅबमधून हाक आली" म्हणता येत नाही.

आधी भांडण उरकून घेते. पेणला आपल्या शाळेच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लागला तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. 'पेणची सुकन्या डॉ. मृणाली', आणि खाली हे एवढं मोठं तोंड! तोंड माझंच की गं. तेच कपाळ, तोच पुढे आलेला दात, फक्त नाव तुझं. रोह्याच्या बाजारात कोळंबी घेताना कृष्णाबाई कोळणीने माझा हातच धरला. म्हणाली, "तूच ना गो ती डीएनएवाली? पेनला फोटू हाय तुजा." मी सरळ "व्हय" म्हणून मोकळी झाले. तिने कौतुकाने वर मूठभर कोळंबी घातली. ती मी घरी येऊन मिटक्या मारत खाल्ली, तुझ्या नावाची.

जास्त राग याचा, की दोष द्यायला कोणी नाही. आईने दोघींना एका ताटात जेवू घातलं. बारावीला मार्क मलाच तुझ्यापेक्षा जरा बरे होते. मला कोणी अडवलंही नव्हतं. हरेश आवडला, लग्न करून रोह्याला आले. तो धाटावला कारखान्यात शिफ्टला गेला की मी घरात बसून मोबाइलवर तुझ्या मुलाखती बघायची आणि नाक मुरडायची. दोघी सारख्या, मग ती तिकडे आणि मी इकडे का, हे मी तुला एकदा विचारलंसुद्धा. तू म्हणालीस, डीएनए सारखा असला तरी त्याच्यावर कुठले रेणू कुठे जाऊन बसतात त्यावर ठरतं, कुठला भाग वाचला जाणार आणि कुठला मिटून राहणार. म्हणजे माझा नेमका चांगला भाग मिटलेला, असंच ना? आठवडाभर मी तुझा फोन घेतला नव्हता.

मग माझ्या छातीत ती गाठ निघाली. मुंबईला पहिल्यांदा केमोचं लाल औषध चढवलं तेव्हा तू पुण्याहून येऊन शेजारी बसलीस आणि मला समजावायला लागलीस. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. हे औषध अंगाने सपाट, ते दोन पायऱ्यांच्या मध्ये घुसतं. पायऱ्या फाकतात, पीळ सैल होतो आणि त्या दुष्ट पेशीला शिडीची नक्कल काढता येत नाही. तुझ्या प्रयोगातले रेणू म्हणे सभ्य, ते शिडीच्या बाहेरच्या खोबणीत बसतात, पायऱ्यांना धक्का लावत नाहीत. हातवारे काय, डोळ्यांतली चमक काय! नर्ससुद्धा ऐकत उभी राहिली. सुई माझ्या हातात आणि सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे.

केस गेले, भुवया गेल्या. आता बाजारात आपल्या दोघींत कोणी चुकत नाही. तू येतेस तेव्हा मी तुझी जाड वेणी बघत बसते. शिडी एकच, मग माझीच का मोडली, हिची का नाही, असं मनात येतं. हो, आलं. रोज येतं. एकदा आईपाशी बोलून गेले. ती भाजी निवडत होती. "आसा बोलू नको गो बाय," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

आता तू जे टाळतेस ते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, बहीण आहे का? मी म्हणाले, जुळी, अगदी हुबेहूब. त्यांचा लिहिता हात थांबला. माझं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं तेव्हा तू खोलीतच होतीस. त्यानंतर तू जेवण विचारलंस, झोप विचारलीस, ताप विचारलास. त्या तपासणीचं काय झालं, हे एकदाही नाही. मला वाटायचं, तुला फिकीर नाही. परवा निकाल आला आणि डोक्यात प्रकाश पडला, की तू कधीचीच घाबरलेली आहेस. मृणे, दोष जन्मापासूनचा निघाला. शिडी तुटली की सांधणारं जनुकच बिघडलेलं आहे. माझ्यात आहे, म्हणजे तुझ्यातही. जन्मभर मला तुझ्यासारखं व्हायचं होतं, पण ही बरोबरी नको होती गं. तुला अजून काही झालेलं नाही, आणि वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं असं डॉक्टर म्हणाले. येत्या सोमवारी तपासणीसाठी तुझं नाव मी त्यांच्याकडे घातलंय. हरेशने सुट्टी टाकलीय, तो तुला पनवेलला उतरवून घेईल. कारणं सांगू नकोस, ये. मला म्हातारी होईपर्यंत तुझ्यावर जळायचंय, आणि त्यासाठी तू धडधाकट हवीस.

तुझीच, तुझ्याआधी जन्मलेली,
स्वप्नाली