रडणे ऐकू येणाऱ्या सज्ज्याबाबत

प्रति,
मा. जतन अधिकारी,
जुनी नाट्यगृहे जतन व दुरुस्ती विभाग,
मुख्य इमारत, वरचा मजला, डावीकडचे दालन.

विषय : जुन्या नाट्यगृहातील बाळसज्जा सोमवारपासून पाडण्यात येऊ नये याबाबत, सदर सज्ज्यातील रडणे रंगमंचावर स्पष्ट ऐकू येते हे मान्य करून.

संदर्भ : आपले गेल्या आठवड्यातील पत्र (जावक क्रमांकावर दूध सांडल्यामुळे तो येथे देता येत नाही, क्षमस्व).

महोदय,

आपल्या पत्राचे उत्तर तातडीने देणे भाग असल्याने हा अर्ज बाळ झोपलेले असेल तेव्हा तेव्हा लिहीत आहे. त्यामुळे तो मधूनमधून तुटला आहे. जिथे तुटला तिथे पुन्हा नीट जोडण्याचा प्रयत्न केला आहे, तरी काही ठिकाणी सांधा दिसेल, तो कृपया पोटात घालावा.

१. मी जुन्या नाट्यगृहाच्या ध्वनिसंशोधन प्रकल्पावर सहायक आहे. प्रकल्पात तीन शाखांची तीन माणसे आहेत. ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक (त्यांना आम्ही सर म्हणतो), वास्तुरचनाकार बाई, आणि त्याच रंगमंचावर लहानपणापासून काम केलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना सगळेच ताई म्हणतात. तिघेही आपापल्या विषयातले मोठे आहेत आणि तिघांनाही एकमेकांचे काही कळत नाही. एकाच भिंतीला सर शोषक पृष्ठभाग म्हणतात, बाई जीर्ण गिलावा म्हणतात आणि ताई म्हणतात, ही भिंत प्रेमळ आहे. या तिघांचे एकमेकांना समजावून सांगणे हे माझे काम. घरी सासूबाई आणि यजमान यांच्या मध्ये तेच करत असल्याने मला ते जड गेले नाही.

२. बाळसज्जा म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, उंचावर, लाकडी जाळीआड असलेली छोटी खोली. तान्ह्या मुलांना घेऊन आलेल्या आयांनी तिथे बसावे अशी नाट्यगृह बांधणाऱ्यांची योजना होती. रंगमंचावरचे हळू बोलणेसुद्धा तिथे ऐकू येते, पण तिथले मुलाचे रडणे रंगमंचावर पोहोचत नाही, अशी या सज्ज्याची ख्याती आहे. नाट्यगृहाच्या माहितीपत्रकात ती छापलेली आहे, आणि पाहुण्यांना इमारत दाखवणारे गृहस्थ ती सांगताना आवाज खाली आणतात. आपल्या विभागाने त्या जागी वातानुकूलन यंत्र बसवण्याचे ठरवले तेव्हा याच ख्यातीच्या आधारे आम्ही स्थगिती मागितली. आपण ती उदारपणे दिली, परंतु ही गोष्ट मोजून सिद्ध करावी, अशी अट घातली.

सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते की असे होऊच शकत नाही. ताईंनी त्यांना सांगितले की मी तिथे उभी राहिले आहे, तुम्ही नाही. यावर बैठक संपली.

३. रिकामे प्रेक्षागृह आणि भरलेले प्रेक्षागृह यांचा आवाज वेगळा असतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज पितात. म्हणून मोजणीला भरलेले प्रेक्षागृह हवे होते. जवळच्या शिवणवर्गातल्या बायका, सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक आणि आपण अर्धी सुट्टी देऊन पाठवलेले आपले कर्मचारी अशी माणसे जमली. परंतु आपल्या परवानगी शाखेने कळवले की एवढ्या प्रेक्षकांचा कार्यक्रम असल्यास संहिता आगाऊ सादर करावी लागेल. मी पुढील संहिता सादर केली : पडदा वर जातो. फुगा फुटतो. सगळे गप्प. बाळ रडते. सगळे गप्प. पडदा खाली येतो.

संहिता शेरा मारून परत आली. शेरा असा होता की बाळाच्या रडण्याचे कारण कथानकातून स्पष्ट होत नाही. मी नम्रपणे कळवले की घरीही ते बहुधा होत नाही. त्यानंतर 'कौटुंबिक' या वर्गात परवानगी मिळाली, त्याबद्दल मी शाखेची ऋणी आहे.

४. बाळ कोणाचे, हा प्रश्न नव्हता. माझी मुलगी, घरी तिला भिंगरी म्हणतात, या कामाला वयाने आणि आवाजाने योग्य होती. मात्र दारावरच्या पहारेकऱ्याने पाच वर्षांखालील मुलांस प्रवेश नाही हा फलक दाखवला. घाईत मी लिहून दिले की ही प्रेक्षक नसून ध्वनिस्रोत आहे. माझी चूक तिथे झाली. ध्वनिस्रोत म्हणजे उपकरण, आणि उपकरण म्हटले की भांडार शाखा आली.

भांडारपालांनी पाठवलेला नमुना मी प्रामाणिकपणे भरला. निर्माता : आम्ही उभयता. उत्पादनाचे वर्ष : मागचे. वजन : दूध पिण्यापूर्वी आणि प्यायल्यानंतर वेगवेगळे. वीजपुरवठा : लागत नाही. बंद करण्याची कळ : अद्याप आढळलेली नाही. यावर भांडारपालांनी हरकत घेतली की बंद न करता येणारे उपकरण इमारतीत आणता येत नाही, आणि आणले तर काम संपल्यावर रात्री भांडारात जमा करून सकाळी पावती दाखवून परत न्यावे लागेल. मी त्यांना भेटून सांगितले की हे उपकरण रात्री माझ्या कुशीत जमा असते आणि दर थोड्या वेळाने तपासावे लागते. भांडारपाल वाईट माणूस नाहीत. त्यांनी बराच वेळ नियमपुस्तक चाळले आणि अनुभवी चालक सोबत असल्यास अपवाद करता येईल असे काढून दिले. चालक म्हणून माझ्या सासूबाईंचे नाव लिहिले. अनुभव या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, तीन मुले, सगळी चालू स्थितीत.

नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी भिंगरीच्या टोपड्यावर चिकटवली होती. ती तिने खाल्ली. मोजणीवर याचा परिणाम झालेला नाही.

५. मोजणीच्या संध्याकाळी आपण स्वतः हजर होतात, त्यामुळे भिंगरी आधी रडलीच नाही हे आपणास माहीतच आहे. नोंद राहावी म्हणून पुन्हा सांगते. मी तिला घेऊन सज्ज्यात बसले. सरांनी रंगमंचावर फुगा फोडला. कोणतेही बाळ दचकून रडले असते. ही हसली आणि दुसऱ्या फुग्याची वाट पाहू लागली. सरांनी आणलेले सगळे फुगे फोडून झाले. आयुष्यात प्रथमच आपल्या प्रयोगाला कोणी हसले म्हणून सर थोडे नाराज होते, पण मला वाटते थोडे खूशही होते.

मग प्रेक्षकांतून सूचना येऊ लागल्या. निवृत्त लोकांपैकी एकाने खुळखुळा काढून घ्या म्हटले. शिवणवर्गातल्या एका बाईंनी विचारले, आमच्या ह्यांना वर पाठवू का, त्यांना बघून सगळी मुले रडतात. तेही बिचारे उठून उभे राहिले होते. भिंगरीने त्यांच्याकडे पाहून हात पसरले. शेवटी सर वर आले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, की अगदी हलकासा चिमटा... त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चिमटा तुमच्या यंत्राला काढा."

सर खाली गेले. भिंगरी मांडीवर झोपली. मी जाळीतून खूण केली आणि 'झोपली, झोपली' ही कुजबुज रांगेरांगेतून मागून पुढे गेली. त्यानंतर त्या प्रेक्षागृहात जी शांतता झाली ती सरांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत कमी पार्श्वध्वनीची नोंद आहे. एवढी माणसे, आणि कोणी खोकलेसुद्धा नाही. सर म्हणतात अशी शांतता प्रयोगशाळेतही विकत घेता येत नाही.

६. आता मूळ मुद्दा. झोप लागली आहे असे पाहून मी तिला सासूबाईंकडे दिले आणि माइकची जागा बदलायला खाली रंगमंचावर गेले. तेवढ्यात ती जागी झाली आणि मी दिसले नाही म्हणून रडली.

महोदय, ते ऐकू आले. दुरून नव्हे, वरून नव्हे, अगदी माझ्या खांद्याशी ऐकू आले. ध्वनिमापकाचा आकडा अहवालात आहे, पण मला आकडा लागला नाही. मी धावले. ध्वनिमुद्रणात यापुढे फक्त माझ्या चपलांचा आवाज आहे आणि त्याबद्दल सरांनी मला अजून काही म्हटलेले नाही. रडणे ऐकून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण ते त्यासाठीच आले होते. टाळ्यांनी दचकून भिंगरी गप्प झाली.

मी वर जाऊन तिला पाजायला घेतले. ताई अजून रंगमंचावर त्यांच्या खुर्चीत होत्या. सरांनी त्यांना मोजणीसाठी काही निरर्थक अक्षरे वाचायला दिली होती. ताईंनी कागद मांडीवर ठेवला आणि नेहमीच्या बोलण्याहून हळू विचारले, "पाणी प्यायलीस का गं?"

मला वाटले त्या शेजारी येऊन बसल्या आहेत. मी तितक्याच हळू म्हटले, नाही. थोड्या वेळाने आपल्याच कार्यालयातले एक गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन जिना चढून आले.

बाळ झाल्यापासून मी एकही नाटक, एकही व्याख्यान, घरातले एखादे भांडणसुद्धा शेवटपर्यंत ऐकलेले नाही. काहीतरी पूर्ण ऐकायचे तर बाळाला घेऊन बसता येईल अशी जागा लागते, आणि अशी जागा मला तेव्हापासून ही एकच भेटली. अर्जात असे वैयक्तिक लिहू नये हे मला ठाऊक आहे.

७. सरांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर ताईंना विचारले की पूर्वी खरोखर ऐकू येत नव्हते का. ताई म्हणाल्या, "येतच असणार. मूल रडलं की आम्ही थांबायचो. गप्प झालं की पुढचं वाक्य घ्यायचो. त्याला आम्ही आवाज येणं म्हणत नव्हतो."

ध्वनिशास्त्राच्या मानाने पुरावा एवढाच आहे. सर म्हणतात नियम साधा आहे. एका जागेहून दुसऱ्या जागी जितके ऐकू येते तितकेच दुसरीहून पहिलीकडे ऐकू जाते. आईला सगळे ऐकू येईल आणि बाळाचे काहीच ऐकू जाणार नाही, अशी खोली कोणी बांधू शकत नाही. लाकूड एका बाजूने बहिरे नसते.

८. आपल्या पत्रात म्हटले आहे की ख्याती सिद्ध न झाल्याने स्थगितीचा आधार संपला असून सोमवारी काम सुरू होईल. आधार संपला, हे बरोबर आहे. वास्तुरचनाकार बाईंनी मला समजावले की एकाच बाळावर केलेल्या मोजणीवरून निष्कर्ष निघत नाही, तेव्हा 'अनिश्चित' एवढा एक शब्द लिही, आणखी वर्षभर सज्जा वाचेल. त्यांचा हेतू चांगला होता, आणि सज्ज्यावर त्यांचा जीव आहे. तो शब्द मी एकदा लिहिलाही. पण मी स्वतः धावले होते. जे ऐकून धावले ते ऐकू आले की नाही हे अनिश्चित आहे असे मला सहीनिशी लिहिता येईना. अहवाल आहे तसाच सोबत पाठवला आहे.

९. तरीही एक गोष्ट आपल्या विचारार्थ ठेवते. जो नियम बाळाला लागू आहे तोच यंत्राला लागू आहे. आपण सज्जा पाडून तिथे वातानुकूलन यंत्र बसवलेत तर त्याची घरघर रंगमंचावर भिंगरीच्या रडण्याइतकीच स्पष्ट येईल. सरांनी गणित करून दिले आहे, ते अहवालाच्या शेवटी आहे. फरक इतकाच की यंत्राला कडेवर घेता येत नाही, पाजता येत नाही, आणि ते झोपावे म्हणून एवढी माणसे श्वास रोखून बसणार नाहीत.

१०. तरी विनंती अशी की सोमवारचे काम एका प्रयोगापुरते पुढे ढकलावे. ताई त्यांचे जुने नाटक पुन्हा करायला तयार आहेत. त्या प्रयोगाला बाळसज्जा उघडावा आणि तान्ही मुले असलेल्या आयांना तिथे बसू द्यावे. मुलांची नोंद प्रेक्षक म्हणून व्हावी. ध्वनिमापक आणू नये असे सरांनीच सुचवले आहे. प्रयोग संपल्यावर आपण खालच्या प्रेक्षकांना आणि रंगमंचावरच्या मंडळींना विचारावे की अडचण झाली का. झाली असे ते म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सज्जा पाडावा, मी पुन्हा अर्ज करणार नाही.

मागच्या वेळी आम्ही आवाज येणार नाही असे सांगून स्थगिती घेतली होती, म्हणून या वेळी आधीच स्पष्ट करते. त्या संध्याकाळी मुले रडतील आणि ते खाली ऐकू येईल. येईलच, असे मी या अर्जाद्वारे लेखी देत आहे.

उत्तराची वाट पाहणारी,

सहायक, ध्वनिसंशोधन प्रकल्प
(सही)

दिनांक : सोमवारच्या आधीचा शुक्रवार