कमरेएवढा सिलिंडर

प्रिय दादा,

आज सिलिंडर घरी आला, म्हणून लिहायला बसलो. उद्या आपल्या पडवीत वेल्डिंगचं दुकान सुरू होतंय. नारळ फोडायच्या आधी तुला सांगायलाच हवं होतं. तू हसशील! एक सिलिंडर ठरवायला मला अख्खा श्रावण लागला.

तीन मापं होती. गुडघ्याएवढा, कमरेएवढा, खांद्याएवढा. गुडघ्याएवढ्यात स्टीलचं एक रेलिंगही पुरं होत नाही. आतला आर्गॉन गॅस मध्येच संपला की सांधा काळा पडतो, छिद्रं पडतात. हे तूच मला दाखवलंस. खांद्याएवढा भरपूर चालतो, भरून घ्यायलाही परवडतो. तू असतास तर तोच घेतला असतास ना? दोघांनी मिळून हलवला असता.

पण आपलं घर आता रस्त्याच्या खाली गेलंय. रस्ता वर वर चढत गेला आणि आपण दोन पायऱ्या उतरून घरात शिरतो. आर्गॉन हवेपेक्षा जड. गळला की खाली साचतो आणि श्वासाची हवा बाहेर ढकलतो. पडवीला लागूनच आई झोपते. मला झोप कशी लागावी?

त्याला वास नसतो. तुला तरी कुठे आला? तू ज्याच्या स्टीलच्या टाक्या आत उतरून जोडायचास, त्या काशिनाथ शेठने जेवणाच्या सुट्टीत गॅस बंद करू दिला नाही, वेळ जातो म्हणून. नळी टाकीच्या आतच. तू जेवून परत टाकीत उतरलास आणि बसल्या जागी गेलास. तुझ्या जोडीदाराने, मधूने, हे मला एकट्याला गाठून सांगितलं. चारचौघांत तो तोंड उघडायचा नाही. शेठकडेच कामाला ना!

मला शिकवायचास, आधी व्हॉल्व्ह बंद, मग हात. मग त्या दिवशी शेठचं का ऐकलंस रे?

आणि शेठने गावभर काय सांगितलं? "पोरगा पिऊन उतरला व्हता." तू! जिथे दारू वाहते त्या लोकांच्या हळदीलाही सोडा पिणारा तू! ते कानावर आल्यापासून आई कुणाच्या हळदीला गेलेली नाही.

मागच्या रविवारी तोच शेठ टेम्पोतून खांद्याएवढा सिलिंडर घेऊन दारात आला. "तुज्या दादाची आठवण म्हून. फुकट. फक्त माजी कामं आदी करायची." आळीतली माणसं जमली. मधूही होता. आईने मान फिरवली. मी आवाज गोड ठेवला.

"शेठ, ठेवू कुठं? आत आयच्या खोलीजवल जागा हाय."

"येडा झालास? आत नको. गॅस साचला तर म्हातारी बसल्या जागी जाईल."

"बसल्या जागी?"

"मंग! वास येतो का त्याला? कलायचं बी नाय."

"मंग माजा दादा काय पिऊन गेला, शेठ?"

शेठ रुमाल शोधत राहिला. तेवढ्यात मागून मधू म्हणाला, "गॅस चालू व्हता. शेठनीच बंद करू दिला नाय."

शेठचा चेहरा बघायला तू हवा होतास!

आई एवढंच म्हणाली, "उचल तुजा सिलिंडर." त्याला एकट्याला उचलेना. कुणीही हात लावला नाही, टेम्पोवालासुद्धा भलतीकडे बघत राहिला. शेवटी शेठने तो वाकून, लोळवत टेम्पोपर्यंत नेला. सगळ्या आळीने त्याला वाकलेला पाहिलं.

मी पळस्प्याहून कमरेएवढा घेतला. तो मला एकट्याला उचलतो... म्हणजे मी त्याला! रस्त्याच्या उंचीचा कट्टा बांधून त्यावर उघड्यावर ठेवलाय, साखळी लावून. पहिलं काम खांदा कॉलनीतल्या रेलिंगचं. व्हॉल्व्ह बंद केला की मी पुन्हा जाऊन बघतो. आई चिडवते, "अरे, झोपला तो पण."

तुला वाटेल, आता राग गेला असेल. नाही गेला. मधू पोलिसांत जबाब द्यायला तयार झालाय. आम्ही दोघं घरोघर जाऊन सांगतोय. शेठच्या टाकीत उतरायला आता गावातून कुणी जात नाही. टाक्या तशाच पडून आहेत. मला ते बघायला आवडतं, दादा. मुद्दाम त्या बाजूने जातो.

तुला शब्द देतो. तो या दोन पायऱ्या उतरून, आईसमोर, आळीला ऐकू जाईल असं "पोरगा प्यायला नव्हता" म्हणेपर्यंत मी त्याचा पिच्छा सोडणार नाही. आणि म्हणाल्यावरसुद्धा त्याचा एकही सांधा मी जोडणार नाही.

तुझा धाकटा,
रोशन