कपाटात नसलेली पुस्तके

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय त्र्याहत्तर, धंदा चष्मे तयार करण्याचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे मी कोणाच्या दडपणाखाली किंवा भरीला पडून लिहीत नाही. माझ्या मागे माझ्या मुलांनी एकमेकांशी बोलणे टाकू नये, एवढाच यामागचा हेतू आहे. वकिलांनी मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात माझ्या बायकोचा उल्लेख "मयत पत्नी" असा एकाच ठिकाणी होता, म्हणून मी सगळे पुन्हा लिहून काढले. ते म्हणाले, "काका, एवढं सविस्तर कशाला? कोर्टात वाचणाऱ्याला कंटाळा येईल." मी म्हटले, "कोर्टापर्यंत जाऊ नये म्हणूनच सविस्तर."

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही बायकोच्या नावे होते. ती माझ्या आधी गेली. ते मृत्युपत्र मी रद्द करतो.

२. घर माझ्या कमाईचे आहे. वरचा मजला मुलगा आणि मुलगी यांना अर्धा-अर्धा. तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या आहेत. उजवीकडे माझे दुकान, डावीकडे बायकोचे वाचनालय. दुकानाची खोली मुलाला. वाचनालयाच्या खोलीबद्दल पुढे लिहिले आहे.

या दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक खिडकी आहे. घर बांधले तेव्हा ती नव्हती. बायकोने गवंड्याला परस्पर बोलावून, भिंत फोडून ती करून घेतली. मी गावाहून परत येऊन दुकान उघडतो, तर भिंतीत तिचा चेहरा. म्हणाली, "आता बरं झालं. मी वाचीन, तुम्ही ऐका."

मी वाचणारा माणूस नाही. शाळेत वाचावे लागले तेवढे वाचले, त्यानंतर फ्रेमच्या कंपन्यांची पत्रके. पण काच घासताना कान रिकामे असतात. ती खिडकीतून ओरडायची, "अहो, तिने दार उघडलंच नाही!"

"कोणी?"

"काल नाही का सांगितलं? जहाजावरच्या डॉक्टरची बायको. तो बाहेर भिजतोय आणि ही आत दिवा मालवून बसलीय."

मग मलाही काळजी लागायची. गिऱ्हाईक म्हणायचे, चष्मेवाले, दांडी अजून ढिली आहे, आणि माझे लक्ष त्या डॉक्टरकडे. शेवट मात्र तिने मला कधी सांगितला नाही. "पुढचं तुमचं तुम्ही वाचा," असे म्हणून खिडकीचे दार लावून घ्यायची. मी वाचले नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात पुष्कळ माणसे स्टेशनवर, जिन्यात, हातात पत्र घेऊन अजून उभीच आहेत. त्यांचा मला त्रास नाही. सोबत होते.

दोन्ही खोल्यांचे मालक वेगळे झाले तरी ही खिडकी बुजवू नये.

३. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. काच घासायचे यंत्र, नंबर तपासायचा तक्ता व इतर हत्यारे मुलाला. तो रस्त्यांच्या कामावर देखरेख करतो, त्याला यांचा उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. त्याने ती धंद्यातल्या माणसाला विकावीत, भंगारात नव्हे.

४. माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, दोन भागांच्या एका जाड कादंबरीचा पहिला भाग. दुसरा भाग त्याच्याकडेच आहे. आमची मुलगी रांगत होती तेव्हा त्याने तो नेला आणि मुलीचे लग्न झाले तरी आणून दिला नाही. बायको दर भेटीत विचारायची आणि तो म्हणायचा, "ताई, अजून चालूच आहे." पहिला भाग न वाचता दुसरा इतकी वर्षे वाचणारा माणूस जगात दुसरा नसेल. पहिला भाग घेऊन जाणाऱ्या प्रत्येक वाचकाला तिला सांगावे लागायचे, की पुढचा भाग माझ्या भावाच्या उशाखाली आहे. लाज तिला वाटायची, त्याला नाही. आता जोडी पूर्ण व्हावी म्हणून देत आहे. आपण जिंकलो असे त्याने समजू नये.

५. कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला माझ्या दुकानातले उंच स्टूल. ती त्याच्याकडे जायची तेव्हा बसायला काही नसायचे, आणि उभ्याने चाळण्यात तिची अख्खी दुपार जायची. निघताना म्हणायची, "नुसती बघायला जातेय." येताना पिशवीचे बंद ताणलेले असायचे. नवा गठ्ठा आला की तो माणूस चांगल्या कादंबऱ्या गल्ल्याखाली दडवून ठेवायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "त्या गेल्या." घासाघीस दोघांचीही हौसेने चालायची. एकदा तिने एका पुस्तकाचा पाठपुठ्ठा गेला म्हणून किंमत पाडली आणि घरी येऊन मला म्हणाली, "बिचाऱ्याला कळलंच नाही, आतली पानं सगळी आहेत." दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "पुठ्ठा मीच काढला होता. नाहीतर वहिनी घेताना संकोचल्या असत्या." हे मी तिला सांगितले नाही. आता सांगायला हरकत नाही.

आम्ही परगावी गेलो तरी हेच. लोक आधी मुक्कामाची जागा शोधतात, ही पुस्तकांचे दुकान शोधायची. मी बाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चष्मे बघायचो. आत डोकावले तर ती नव्या पुस्तकाचे पान नाकाला लावून उभी असायची. दुकानदार बघत असले तरी तिला त्याचे काही नसायचे.

६. आता वाचनालय. ती गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी लोक पुस्तके परत करायला आले. त्यांना दारातून परत पाठवणे मला जमले नाही. एक पुस्तक घेतले की दुसरे द्यायचे असते, एवढे मला माहीत होते. कोणते द्यायचे, ते माहीत नव्हते. ती माणूस बघून पुस्तक द्यायची. मी चष्मा बघून दिले. या रस्त्यावरच्या बहुतेकांचे नंबर मला पाठ आहेत. जवळचा नंबर जास्त असेल त्याला मोठ्या अक्षरांचे, नजर चांगली असेल त्याला बारीक अक्षरांचे जाडजूड. माझ्या समजुतीप्रमाणे हे अगदी बरोबर होते.

निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणतात, त्या आयुष्यभर फक्त थोर माणसांची चरित्रे नेत आल्या. त्यांना मी ठसठशीत अक्षरांची एक कादंबरी दिली. मुखपृष्ठावर होडी होती. आत काय आहे याची मला कल्पना नव्हती. पुढच्या शनिवारी त्या आल्या.

"चष्मेवाले, हे तुम्ही वाचलंय?"

"नाही बाई."

"बरं झालं." मग त्यांनी मागे वळून बाकावर कोण बसले आहे ते पाहिले. "हिचं आणखी काही आहे का? याच लेखिकेचं?"

बसच्या कंडक्टरला मी तीन पिढ्यांची एक कादंबरी दिली, कारण त्याला चष्माच नाही. तो डेपोत वाचता वाचता रडला. ड्रायव्हर विचारायला लागला, घरी सगळं ठीक आहे ना. तो मला म्हणाला, "काका, मावशी मला नेहमी खुनाच्या गोष्टी द्यायच्या. मला वाटायचं, मला त्याच झेपतात."

७. मुलगी दवाखान्यात औषधे देण्याचे काम करते. त्या कामात चूक चालत नाही, आणि तिच्या स्वभावातही चालत नाही. ती एका शनिवारी आली तेव्हा कंडक्टरच्या हातात तिच्या आईने शेवटी वाचायला घेतलेली कादंबरी होती. ती मेजावर पडून होती, त्याने उचलली. मुलीने ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

"हे नाही. हे आईचं आहे."

"सगळी मावशींचीच आहेत की, ताई."

"तिची खूण आहे यात! दिसत नाही तुम्हाला?"

"मी ती हलवणार नाही. माझी दुसरी घालीन."

तो समजूतदार माणूस, काही न घेता गेला. मुलीने त्याच दिवशी सगळ्या कपाटांना कुलपे आणली. मला म्हणाली, "बाबा, लोक पानं दुमडतात, चहाचे डाग पाडतात. आईच्या हातचं एवढंच उरलंय." किल्ल्या आणि ते पुस्तक घेऊन ती तिच्या घरी गेली.

मुलाला कळले तेव्हा तो फोनवर म्हणाला, "बाबा, एखाद्या कॉलेजला देऊन टाका सगळी. खोली भाड्याने जाईल, तुम्हालाही सोबत होईल." त्यावर मुलगी त्याला काय बोलली ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून दोघे माझ्यामार्फत बोलतात. मुलाचे आईवर प्रेम कमी आहे असे मुलीने समजू नये. त्याला ती खोली बघवत नाही, आणि तिला ती खोली बदललेली बघवत नाही. दुखणे एकच आहे, नंबर वेगळा.

मी त्या बंद कपाटांसमोर बरेच दिवस बसून पाहिले. शनिवारी लोक यायचे, कुलपे बघायचे, बाकावर टेकायचे, "बरे आहात ना?" विचारून जायचे. पुस्तके चालू होती तेव्हा असे नव्हते. तेव्हा लोक म्हणायचे, "मावशी बोलल्या होत्या, हे रडवणार. रडवलंच." किंवा, "मावशींनी मला हे दोनदा देऊ केलं, मी घेतलं नाही, मूर्ख मी." पुस्तक हातात असले की तिचा विषय आपोआप निघायचा. हात रिकामे झाले आणि माझ्याशी तिच्याबद्दल बोलणारे कोणी राहिले नाही.

८. कुलपांना मी हात लावलेला नाही, हे मुलीने नीट लक्षात घ्यावे. किल्ल्या तिच्याकडे आहेत. पण कपाटांच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत आणि स्क्रू काढण्यात माझा जन्म गेला आहे. दर शनिवारी सकाळी मी दारे काढतो आणि संध्याकाळी पुन्हा बसवतो. ती तपासायला येते तेव्हा कुलपे ओढून बघते. घट्ट असतात.

म्हणून खालीलप्रमाणे व्यवस्था करतो.

वाचनालयाची खोली मुलगा आणि मुलगी दोघांची. त्यातली सर्व पुस्तके मुलीची, कपाटातली आणि बाहेर गेलेलीसुद्धा. तिने कुलपे उघडली की कपाटे बहुतेक रिकामी दिसतील. चोरी झालेली नाही. मी लोकांना सांगितले आहे की मुदत नाही, दंड नाही, हवी तितकी न्या. परत मात्र याच दारात, शनिवारी, आणि मी नसलो तर माझ्या मुलीच्याच हातात द्यायची. सगळ्यांनी कबूल केले आहे. या रस्त्यावरचे लोक शब्दाचे पक्के आहेत. मेहुणा या रस्त्यावर राहत नाही.

एक जरी पुस्तक बाहेर असेल तोवर ती खोली विकू नये, भाड्यानेही देऊ नये. मुलगा म्हणेल, अशा रीतीने एखादे पुस्तक कायमच बाहेर राहील. त्याचे म्हणणे बरोबर आहे.

परत आलेले पुस्तक पुन्हा कोणाला द्यायचे की कुलपात ठेवायचे, हे मुलीने ठरवावे. मी अट घालत नाही. वकील म्हणाले, अशी अट टिकणारही नाही. शेवटची कादंबरी तिच्याकडे आहे, तिच्यावर माझा हक्क नाही, म्हणून तिचा या कागदात समावेश करत नाही.

९. या सर्वाची अंमलबजावणी कंडक्टरने करावी. त्याला विचारले आहे. मुलीने त्याच्याशी नीट बोलावे आणि मुलाने जमेल तेव्हा शनिवारी येऊन बहिणीला बाक मांडायला मदत करावी. तो जड आहे.

१०. हे मुलीसाठी. कायद्यात याला काही किंमत नाही.

बाळा, पहिल्या शनिवारी तुला वाटेल, हे लोक आईची पुस्तके घेऊन आले आहेत, घ्यावीत आणि दार लावावे. तसे केलेस तरी मी रागावणार नाही. पण पुस्तक परत करायला आलेला माणूस लगेच जात नाही. तो पुस्तक ठेवतो आणि हात त्यावरच ठेवून उभा राहतो. त्याला काहीतरी सांगायचे असते. तुझी आई त्याला बसायला सांगायची आणि एकच प्रश्न विचारायची, "कसं वाटलं?" मग मध्ये एक शब्द न बोलता ऐकायची. तुला दुसरे काही सुचले नाही तर एवढेच विचार. उत्तरात ती असेल.

ठिकाण: वाचनालयाची खोली, कपाटांची दारे काढलेली.
दिवस: शनिवार. तारीख प्रत्येकाने सहीखाली स्वतः घातली आहे.

लिहून देणार: सही.

वरील मजकूर त्यांनी आमच्यासमोर मोठ्याने वाचला, मध्ये एकदा पाणी प्यायले, आणि पूर्ण शुद्धीत सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिली: निवृत्त मुख्याध्यापिका. सही. माझ्याविषयीचा मजकूर अनावश्यक आहे, खोटा नाही.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. सही. मी वाचणाऱ्यातला नाही, पण आज जाताना एक पुस्तक घेऊन जात आहे.