टपालबोटीच्या विरोधात

वॉशिंग्टन,
२७ जुलै

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? पाण्यातून शेवंडीचे पिंजरे एकट्याने ओढू नका, ओरिनकाकांना बोटीवर घ्या. ते बडबडतात हे खरं, पण हात चालवतात. फोनवर तुमचं-माझं बोलणं हवामानाच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी मजेत आहे. इथला उकाडा असा की श्वाससुद्धा ओला लागतो. सकाळी जाग आली की कान बोटींची इंजिनं शोधतात, आणि खाली कचऱ्याची गाडी घरघरत असते. एकदा जेवणात शेवंड होती. माझ्या खोलीतली मारिसेला, टेक्ससची, म्हणाली, "तुझ्या गावचं माणूस आलंय बघ, विचारपूस कर." मी खाल्ली नाही. पार रबर करून टाकली होती.

अभ्यासवर्ग चांगला चाललाय. सकाळी संविधान, दुपारी धोरण. कायदा कसा लिहितात, समितीत कसा अडकतो, हे नुसतं शिकवत नाहीत, करायला लावतात. गेल्या आठवड्यात आम्हा मुलांची लुटुपुटीची सिनेट भरली. विधेयक होतं, लहान बेटांवर टपालाबरोबर माणसंही नेणाऱ्या टपालबोटींना सरकारी मदत चालू ठेवावी का. मी म्हटलं, देवच पावला. पण बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि माझ्या वाट्याला विरोध आला.

मी प्राध्यापक क्वार्ल्स बाईंकडे गेले. "मॅडम, मी बेटावरचीच आहे. मला बाजू बदलून द्या."

"म्हणूनच देत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या बाजूने कोणीही बोलतं. समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकं चांगलं मांडलंस, तर तू त्याचं ऐकलं होतंस असं मी धरीन."

दोन दिवस काही सुचलं नाही. आकडे होते, पण नुसत्या आकड्यांनी कोणाचं मन वळतंय? मग सिनेटमध्ये बोलायला उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "फेब्रुवारीत जिथे डॉक्टर पोचत नाही, तिथे लेकरं वाढवणं हा हट्ट आहे. सरकारने हट्टाला खतपाणी घालू नये. या लोकांना बोट देऊ नका, किनाऱ्यावर घर द्या."

बाबा, हे शब्द माझे नव्हते. घर सोडण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात आई तुम्हाला हेच म्हणाली होती, ते तुम्ही विसरला नसाल. मी तेव्हा जिन्यात बसले होते.

मग मी ॲन्सेलचं सांगितलं. नाव घेतलं नाही, तो माझा भाऊ होता हेही सांगितलं नाही. चार वर्षांचा मुलगा, छातीत भरलेला कफ, न थांबणारं वादळ आणि धक्क्याला बांधलेली बोट. विधेयक पडलं. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी न्हाणीघरात जाऊन रडत होते. आपण दोघं घरात त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि मी परक्या मुलांसमोर बोलून बसले. तुम्हाला राग आला तर तो मला मान्य आहे.

शनिवारी मी आईकडे गेले. ती याच शहरात राहते हे आपल्याला ठाऊक होतं. अर्ज भरताना तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

दार उघडून तिने मला आत घेतलं. मग म्हणाली, "जेवलीस?" तिने मासळीचं दुधातलं कालवण केलं, वर खारी बिस्किटं चुरून, आपण करतो तसंच. खाता खाता मी तिला सिनेटचं सगळं सांगितलं.

"आणि बोटीच्या बाजूने काय बोलले?" तिने विचारलं.

"काही खास नाही. बेट कोणी पाहिलेलंच नव्हतं."

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली, आणि सांगतच सुटली. धुकं उठताना आधी दिसणारे देवदारांचे शेंडे. ओहोटीचा वास. बोट घरी वळवलीत की रेडिओवर येणारा तुमचा आवाज. बोलता बोलता तिचा चमचा वाटीतच राहिला. बाबा, मला इतकी वर्षं वाटायचं की तिला त्या जागेचा राग आहे.

"मग परत का नाही येत?"

"तिथे त्याची कबर आहे, टेस. तुझा बाबा रोज तिच्या शेजारून जायचा आणि घरी येऊन त्याचं नावही काढायचा नाही. मला एकटीला ते पेलवेना."

तिने मला राहा म्हटलं नाही. मीच म्हटलं, शाळेचं शेवटचं वर्ष तुझ्याकडे राहून करते. तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "आधी बाबाला विचार. त्याच्याजवळचं आणखी काही मी काढून घेणार नाही."

म्हणून विचारते आहे. सहा वर्षं तुमच्याजवळ राहून मी तिची आठवण काढली. आता एक वर्ष तिच्याजवळ राहून तुमची काढेन. दुसरी वाट मला दिसत नाही.

वर्ग संपला की मी येते. धक्क्यावरून लगेच घरी नको जायला. टेकडीवर ॲन्सेलपाशी बसू. हो म्हणा, नाही म्हणा, पण तिथे, त्याच्यासमोर म्हणा.

तुम्हा दोघांची,
टेस