भुजंगरावांची रिकामी खोली

औरंगाबाद,
जुलै १९७४

आदरणीय बाबा,

मी मजेत आहे. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली. एका खोलीत चौघं आहोत, पण दिवा चांगला आहे आणि वरण घट्ट असतं. आईला तेवढं सांगा.

सेलूच्या शाळेत तुमच्या फडक्यातली भाकर खाणारे तुमचे दोस्त भुजंगराव, त्यांच्याकडं राहायचं मोडलं. तुम्ही त्यांना लय मोठा माणूस म्हणता. मोठं आहे ते पोट. मला बैठकीत बसवून हळूच म्हणाले, "मी स्वतः जात मानत नाही रे, पण घरात चालणार नाही. बायकांपुढं इलाज आहे का?"

तेवढ्यात नर्मदाकाकू चहा घेऊन आल्या. दोघांना सारखेच कप. म्हणाल्या, "सामान कुठाय लेकरा? खोली सकाळीच झाडून ठेवली की."

भुजंगराव वर पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.

काकूंनी लय आग्रह केला. पण बायकोच्या पदराआड लपणाऱ्या माणसाच्या घरात माझं पुस्तक उघडायचं नाही. त्यापेक्षा चौघांचा गोंधळ बरा.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवण सोडू नका. आईचा खोकला कसा आहे? पेडगावात पेरण्या उरकल्या का?

तुम्ही दिलेली शेंगांची पिशवी काकूंच्या हातात दिली. भुजंगरावांना सांगायला दिलेला तुमचा जयभीम मात्र तसाच माझ्याजवळ राहिला. तो तुम्हालाच परत पाठवायलोय.

तुमचा
लिंबाजी