वायरमनचा जॉइंट

आबा, परवा माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. हा शब्द तुम्ही विसरला नसाल. शेवटची दोन वर्षं तुम्ही तो शिवीसारखा वापरत होतात. माझी गाडीही आता जुनी झाली आहे. कंपनीचा सेन्सर मागवायचा म्हटलं तर किंमत ऐकून गाडीच काढून टाकावीशी वाटते, म्हणून गॅरेजवाल्याने बाजारातला लोकल दाखवला, कुठल्याही गाडीला चालणारा. त्याला गाडीचा प्लग नसतो. जुन्या सेन्सरची वायर कापून प्लगाकडच्या तुकड्याला हा जोडावा लागतो. मी हो म्हणाले आणि तिथेच उभी राहिले. त्याने वायरी जोडल्या, वरून एक सैल नळी सरकवली आणि झालं म्हणाला. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "असा उघडा जॉइंट? पाणी जाईल की." तो हसला. "मॅडम, गच्च बांधला तर गुदमरतो हा. धुरातला ऑक्सिजन मोजायला ह्याला बाहेरची हवा लागते, ती वायरीतूनच आत जाते. ती कोंडली की हा चुकीचं सांगतो. मग गाडी जास्तीचं पेट्रोल ओढते, काळा धूर सोडते आणि बंद पडते." मी बाजूच्या स्टुलावर बसले आणि त्याच्याकडे प्यायला पाणी मागितलं.

तुमचं मंचरचं मोटार-वाइंडिंगचं दुकान डोळ्यांसमोर आलं. दारात विहिरीवरच्या जळक्या मोटारींची रांग, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली ती निळी बादली. आंबेगाव-जुन्नरच्या निम्म्या विहिरींत तुम्ही भरलेल्या मोटारी चालत होत्या आणि लोक तुम्हाला वायरमन म्हणत ते त्या मोटारींपेक्षा तुमच्या जॉइंटसाठी. पाणबुडी मोटारीची केबल जोडायची, आधी रबराची टेप ओढून ओढून लावायची, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी आणि मग सगळं बादलीत बुडवायचं. तुम्ही वाकून पाण्याकडे बघताय. बुडबुडा आला तर जॉइंट कापून पुन्हा पहिल्यापासून. मी शाळेत असताना एकदा तुमच्या नकळत एक जॉइंट बांधला होता. बादलीत टाकला तर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. "ह्या हातानं वरण ढवळ," तुम्ही म्हणालात. "हवा राह्यली की पाणी आलंच. विहिरीत मान्सं उतरत्यात, करंट पाण्यात आला तर?" मी रडले. तुम्ही टेप माझ्या हातात दिलीत आणि जमेपर्यंत मला दुकानातून हलू दिलं नाहीत.

शेजारी मिस्त्रीकाकांचं गॅरेज. ते अवसरीहून स्कूटरवर यायचे. दोन्ही दुकानांच्या मध्ये एक बाकडं होतं आणि दुपारी त्यावर दोन डबे उघडायचे. कुणाची भाकरी कुणाच्या कालवणात बुडतेय याचा हिशेब तुम्ही दोघांनीही कधी ठेवला नाही. आपल्या गावी, घाटघरला, लहानपणी तुम्हाला पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं. म्हणून ते बाकडं तुम्हाला काय होतं हे मला कळायचं, तुम्ही कधी बोलला नाहीत तरी. तुमची ती जुनी पेट्रोल गाडीही काकांनीच बघून, ठोकून, वास घेऊन पसंत केली होती. दोन हजार साल उलटून गेलं होतं. तोवर आपल्या घरात चार चाकं कुणाच्याच नावावर नव्हती.

सेन्सर गेला तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते. काका म्हणाले, "कंपनीचा आनायचा तर आदी गाडी इकाय लागंल, राव. ह्यो लोकल हाय, पन चालतो. म्या लावल्यात लोकांना." तुम्ही पुडी हातात घेऊन उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "लाव." काका वायरी सोलायला लागले तशी तुम्ही त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतलीत. "सरक तिकडं. नट-बोल्ट तुजं, वायर माजी." काका म्हणाले, "घे बाबा, न्हाईतर रातभर झोपायचा न्हाईस." तुम्ही तो जॉइंट विहिरीतल्या केबलसारखा बांधलात. तीन थर, वरून चिकट लुकणाचा लेप. गाडीला लावण्याआधी बादलीत बुडवलात. आम्ही तिघंही वाकून बघतोय. एकही बुडबुडा आला नाही. "आता गाडी मोडंल, जॉइंट न्हाई सुटायचा," काका म्हणाले आणि तुम्ही खूश झालात. तेवढे खूश तुम्ही पुढच्या वर्षी माझ्या लग्नातही नव्हतात.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या काकांच्या, तुमच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या, पुण्यानुमोदनाला आपण घाटघरला निघालो. स्वतःच्या गाडीतून गावात जायची तुमची ती पहिलीच वेळ. आई नवं लुगडं नेसली होती. जुन्नर सोडेपर्यंत ठीक होतं. मग पेट्रोलचा वास यायला लागला, चढाला गाडी आचके देऊ लागली, मागे काळा धूर. गावाच्या तोंडाशी ती जी बंद पडली ती पडलीच. देवळाच्या पारावर बसलेली पोरं उठून आली आणि आपली गाडी ढकलत गावात नेली. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण त्यांतला एक ओरडला, "वायरमन, बैल जुपायचा का? आमचा देतो!" आणि सगळे हसले. तुम्ही स्टीअरिंग धरून समोर बघत होतात. विधीला बसलात तेव्हाही समोरच बघत होतात.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर तुम्ही डबा उघडलाच नाहीत. "आमच्या वाट्याला जल्मभर लोकांनी टाकलेलंच आलं, मिस्त्री. तू तरी धड माल द्यायचा व्हता." काकांचा घास हातातच राहिला. "वायरमन, माल चांगला व्हता. पोरांची आन." "पोरांना मधी आनू नगं." एवढंच. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. काकांनी दोनदा निरोप पाठवला, गाडी आण, खोलून बघतो. तुम्ही ती कुणालाच दाखवली नाहीत. ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तुमच्यामागे भंगारात गेली. बाकडं तिथेच होतं. तुम्ही आत जेवायला लागलात, ते गॅरेजमध्ये. तुम्हाला शेवटचं नेलं त्या दिवशी काका रस्त्याच्या पलीकडे उभे होते, टोपी हातात घेऊन. पुढे आले नाहीत. त्यांना बोलवायला हवं होतं, पण त्या दिवशी कोणाच्याच अंगात तेवढी ताकद नव्हती.

आज अवसरीला गेले होते. काका अंगणात बाजेवर होते. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं. मला ओळखायला वेळ लागला. मग म्हणाले, "वायरमनची लेक का गं?" चहा आला. मी जवळ सरकून मोठ्याने सांगितलं, "काका, तो सेन्सर चांगला होता. मी आता विचारून आलेय. तुमचा माल खराब नव्हता." त्यांनी कान पुढे केला. "चांगला व्हता?" "हो." "नक्की?" "नक्की." त्यांनी कप खाली ठेवला. "इतकी वर्सं मलाबी वाटायचं, त्या दुकानदारानं मला फशिवलं आसंल. म्हनून म्या वायरमनकडं कंदी गेलो न्हाई. कंच्या तोंडानं जानार?" मी पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं. गाडीत येताना सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, हवेचं, वायरीचं, बादलीचं. पण तेच म्हणाले, "मंग बिघाड आला कुठनं? जॉइंट तर वायरमनचा. त्यो चुकायचा न्हाई." आणि दात नसलेल्या तोंडाने हसले. "गाडीच दळभद्री व्हती. म्याच पसंत केल्याली."

मी मान हलवली. म्हणाले, हो काका, गाडीच तसली होती. दोघांनी चहा संपवला. निघताना त्यांनी सुनेला हाक मारून मला कांदे द्यायला लावले.

थकून घरी आले आणि हे लिहायला बसले. जॉइंट चुकला होता, आबा. तुम्ही बांधलेल्यातला सगळ्यात चांगला जॉइंट होता तो आणि त्यानेच गाडी बंद पाडली. हे काकांना सांगितलं नाही, आईला सांगणार नाही. आज तुम्ही असतात तर, खरं सांगते, तुम्हालाही सांगितलं नसतं.